तीन मिनिटांचा बिघाड

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. दुसऱ्याचे बोलणे मोठे करून सांगणे, एवढेच मला येते. स्वतःचे काही सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि आली असती तरी मी ती टाळली असती. आताही हे पहिले वाक्य मी मनात चार वेळा जुळवले आणि पाच वेळा मोडले. पण माझ्यावर एकदा खोटा आळ आला. तो मी गिळलाही असता. मात्र त्या आळाखाली एका बाईचे बोलणे गाडले गेले, ते काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही. म्हणून बोलतो. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबट, बंद खिडक्यांच्या खोलीत झाला. तिथे धुळीला आणि वाऱ्याला मज्जाव होता. माझ्या जाळीच्या आत एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो बसवणाऱ्या बाई चिमट्याने पडदा उचलत आणि तो जागेवर बसेपर्यंत श्वास रोखून धरत. पडदा बसला की मगच श्वास सोडत. मी या जगात ऐकलेला पहिला आवाज म्हणजे तो सुटलेला श्वास. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तो मला त्याच्या शब्दांइतकाच नीट ऐकू येतो. अर्थात ही माझी बढाईही असेल.

तिथून मला खोक्यात घालून नदीकाठच्या एका गावातल्या सभागृहात पाठवण्यात आले. सभागृह साधेच होते. चारशे खुर्च्या, त्यांतल्या दहाबारा डगमगत्या. समोर व्यासपीठ, आणि मागच्या भिंतीत काचेची एक छोटी खोली. त्या खोलीत दोन माणसे बसत. एक लघुलेखक. ते कानाला हेडफोन लावून, माझ्यातून येणारा शब्द न् शब्द कागदावर उतरवत. स्वभावाने इतके भिडस्त की दारावर ‘ढकला’ लिहिलेले असले तरी आधी टकटक करत. दुसरे सभागृहाचे वायरमन. त्यांच्या खिशाला पेनाऐवजी पकड अडकवलेली असे, म्हणून सगळे गाव त्यांना पकडकाका म्हणे.

दर शनिवारी पकडकाका जुन्या टूथब्रशने माझी जाळी साफ करत. “शब्द कमी आणि थुंकी जास्त उडवतात रे लोक तुझ्यावर,” असे पुटपुटत. मला कुणी टिचक्या मारल्या, फुंकर मारली, की ते काचेच्या खोलीतून हातवारे करून त्या वक्त्याला दटावत.

अशी सोळा वर्षे गेली. बक्षीस समारंभ झाले, शोकसभा झाल्या, हरवलेल्या मुलांची नावे पुकारली गेली. हात थरथरणारे वक्ते मला फार आवडत. त्यांना मी मनातल्या मनात धीर देत असे. एका शोकसभेत एक मुलगी वडिलांविषयी दोनच वाक्ये बोलली, तीही इतकी हळू की पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेली नसती. मी ती शेवटच्या खुर्चीपर्यंत नेली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, “माईक चांगला आहे हो.” सोळा वर्षांत मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. मला ती पुष्कळ झाली.

आता मुद्द्याकडे येतो. गावासमोरच्या नदीत एक बेट आहे. दोनशे घरे, एक शाळा, एक दवाखाना, आणि ये-जा करायला इकडून सुटणारी लाँच, म्हणजे मोटारबोट. नदीच्या पलीकडे दुसरा देश. जुन्या तहात लिहिले होते की नदीची मुख्य धार हीच दोन देशांची सरहद्द. तह झाला तेव्हा मुख्य धार बेटाच्या पलीकडून वाहत होती, म्हणून बेट इकडचे. पुढे एका मोठ्या पुरात नदीने कूस बदलली आणि मुख्य धार बेटाच्या अलीकडून वाहू लागली. तेव्हापासून पलीकडचे म्हणू लागले, आता बेट आमचे. चाळीस वर्षे दोन्ही सरकारे कागद फडकवत राहिली. बेट मात्र जिथल्या तिथे होते, आणि बेटावरची माणसे जाळी विणत होती, मुलांना शाळेत धाडत होती, आजारी पडत होती.

शेवटी दोन्ही सरकारांचे जमले. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बेट पलीकडच्या देशाच्या ताब्यात जाणार असे ठरले. करारावर शेवटचा हात फिरवण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, म्हणून आमच्या सभागृहात तीन दिवसांची जाहीर चर्चा ठेवण्यात आली. चर्चेत जे बोलले जाईल ते अहवालात जाणार होते, आणि अहवाल करार लिहिणाऱ्यांच्या टेबलावर. म्हणजे जे माझ्यासमोर बोलले जाईल, त्याला वजन होते. मला, खोटे कशाला सांगू, थोडा अभिमान वाटला.

व्यासपीठाच्या पायथ्याशी एक टेबल मांडले होते. बोलायचे असेल त्याने तिथे अर्ज भरायचा आणि टोकन घ्यायचे. पहिल्या दिवशी सकाळी एक बाई टेबलापाशी आल्या. पन्नाशीच्या, पांढरा कोट, हातात औषधे न्यायचा निळा बर्फाचा डबा.

कारकुनाने विचारले, “ताई, बाजूने की विरोधात?”

“लाँचबद्दल बोलायचंय.”

“ते झालं हो. पण बेट देण्याच्या बाजूने, का विरोधात? इथे दोनच रकाने आहेत.”

“मग लाँचच्या बाजूने लिहा.”

“तसा रकाना नाही. राहता कुठे?”

“बेटावर. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. सगळे सिस्टर म्हणतात.”

कारकुनाने पेन खाली ठेवले आणि अर्जाच्या मागचे नियम त्यांच्यापुढे केले. “नियम सहा वाचा. बेटावरच्या लोकांचा या प्रकरणात हितसंबंध आहे. चर्चा निष्पक्ष राहावी म्हणून त्यांना टोकन देता येत नाही.”

सिस्टरांनी कागद परत सरकवला. “म्हणजे माझ्या घराबद्दल सगळ्यांनी बोलायचं, आणि मी नाही?”

“तुम्ही ऐकू शकता,” कारकून समजुतीने म्हणाला. “ऐकायला टोकन लागत नाही.”

मित्रांनो, हा नियम मी तेव्हापासून शंभर वेळा आठवला आहे. मला वाटायचे, आपल्यालाच समजत नसेल. शहाण्या माणसांनी केला आहे, काहीतरी अर्थ असेल. आज सांगतो, काहीही अर्थ नव्हता. ज्याचे घर जाणार तो स्वार्थी, आणि ज्याचे तिथे खुंटीला टांगलेले एक फडकेही नाही तो निष्पक्ष! असा न्याय मी माझ्या जाळीवर साचलेल्या धुळीकडूनही ऐकून घेतला नसता.

सिस्टर सातव्या रांगेत जाऊन बसल्या. आणि तीन दिवस माझ्यासमोर जे झाले ते ऐका.

पहिल्यांदा एक प्राध्यापक आले. बेटावर त्यांनी दोन जाड पुस्तके लिहिली होती. बेटावर ते कधी गेले नव्हते, कारण लाँचमध्ये त्यांना मळमळते. हे त्यांनीच हसत हसत सांगितले आणि लोकही हसले. मग एक पुढारी आले. “एक इंचही देणार नाही!” असे म्हणून त्यांनी प्रत्येक इंचाला एक याप्रमाणे टेबलावर मुठी आपटल्या. माझा पडदा आतून कळवळला. मग एक व्यापारी आले आणि म्हणाले, “देऊन टाका. आहे काय तिथे? वाळू आणि बगळे.” सातव्या रांगेतून आवाज आला, “आणि दोनशे चुली.” अध्यक्षांनी घंटी वाजवली.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. कडक इस्त्रीचे, नियमाला पक्के. ते घंटी दोनच बोटांनी उचलत, जणू तिला ताप आला आहे.

एक तरुण वक्ता बेटासाठी रक्ताचा शेवटचा थेंब सांडणार होता. तो खाली उतरला तेव्हा पकडकाका मला पुसायला आले आणि हळूच म्हणाले, “रक्त राहू दे बाबा, आधी ही थुंकी पुसू दे.”

तीन दिवसांत चौतीस जण बोलले. सतरा बाजूने, सतरा विरोधात. इतिहास झाला, भूगोल झाला, पूर्वजांच्या आत्म्यांना साक्षीला बोलावून झाले. बेटावरच्या एकाही माणसाचा उल्लेख कुणी केला नाही. मी सगळे नीट, स्वच्छ, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवले. तेच माझे काम होते. पण मनातून मला पहिल्यांदाच त्या कामाची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारले, “आणखी कुणी?” आणि उत्तराची वाट न बघता ते कागदांवर सह्या करू लागले. सातव्या रांगेतून सिस्टर उठल्या. सावकाश पायऱ्या चढल्या. बर्फाचा डबा त्यांनी माझ्या पायाशी ठेवला. मला त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मी सांगतो, तो भ्यालेला होता. मग त्या बोलल्या.

“साहेब, बेट कुणाचं ते मला विचारू नका. ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले आहात. मी दवाखान्यातलं सांगते. बेटावर अकरा जणांना रोज सुई लागते. सगळ्यात धाकटी माझी पुतणी, नऊ वर्षांची. ते औषध बर्फात ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे बर्फ होत नाही. ह्या डब्यातला बर्फ साडेतीन दिवस टिकतो, वरून भिजलेलं पोतं टाकलं तर चार. मंगळवारी इकडून लाँच येते, शुक्रवारी येते. त्यावर आमचं चाललंय. पहिल्या तारखेला ही लाँच बंद होणार. पलीकडची लाँच कधी सुरू होणार, तर करारात लिहिलंय, ‘यथावकाश’. साहेब, बर्फाला यथावकाश कळत नाही हो. तो वितळतो.”

सिस्टरांनी पायाशी ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवले.

“माझं एकच वाक्य करारात घाला. नवी लाँच सुरू होईल त्या दिवसापर्यंत जुनी बंद करू नका. बस, एवढंच. झेंडा कुठलाही लावा तिच्यावर.”

अध्यक्षांनी मान वर केली. “बाई, तुमचं टोकन?”

“दिलं नाही मला.”

“मग तुम्ही बोलताय कशा?”

“तोंडानं,” सिस्टर म्हणाल्या. त्यात उद्धटपणा नव्हता. विचारले, म्हणून त्यांनी सांगितले.

घंटी वाजली. एक स्वयंसेवक धावत आला. सिस्टरांनी डबा उचलला, मला का कोण जाणे एक नमस्कार केला, आणि त्या खाली उतरल्या. शुक्रवार होता. त्यांना लाँच गाठायची होती.

आता काचेच्या खोलीत काय झाले ते ऐका. लघुलेखकांना सभेच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब एका छापील तक्त्यात द्यावा लागे. तक्त्यात पाचच प्रकार होते: भाषण, टाळ्या, घोषणा, विराम, तांत्रिक बिघाड. सिस्टर तीन मिनिटे बोलल्या. त्या तीन मिनिटांपुढे काय लिहायचे? टोकन नाही, म्हणजे भाषण लिहिता येत नाही. टाळ्या नव्हत्या. घोषणा नव्हत्या. सभेत कुणीतरी बोलत असताना विराम लिहायला त्यांचे मन धजेना. ते बिचारे पेन्सिल चावत बसले. मग त्यांनी असा प्रकार निवडला की ज्याने कुणाचेही मन दुखावणार नव्हते. त्यांनी लिहिले: ‘चार वाजून सहा ते चार वाजून नऊ. तांत्रिक बिघाड. माईक.’

कुणाचेही मन दुखावणार नव्हते! माईकला मन असते हे त्यांना कसे ठाऊक असणार?

चार दिवसांनी पकडकाकांच्या हातात कागद आला: सदर माईक सदोष असल्याचे नोंदीवरून दिसते, तरी तो बाद करण्यात यावा. मित्रांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण माझा पहिला विचार असा होता की आपण खरेच बिघडलो असू. स्वतःवर अविश्वास दाखवायला मला कधीच फार वेळ लागला नाही. मी ती तीन मिनिटे पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. कुठे खरखरलो का? कुठे एखादे अक्षर खाल्ले का? मला आठवत होता तो प्रत्येक शब्द, पाण्यासारखा स्वच्छ.

पकडकाकांना मात्र शंका नव्हती. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. कागद घेऊन ते थेट लघुलेखकांसमोर जाऊन उभे राहिले.

“कसला बिघाड? आवाज गेला होता?”

“नाही.”

“खरखर झाली? शिट्टी मारली त्याने?”

“नाही हो. आवाज अगदी स्वच्छ होता.”

“मग बिघाड कुठला?”

लघुलेखक चष्मा पुसत म्हणाले, “त्यांच्याकडे टोकन नव्हतं ना.”

“अहो, टोकन बाईकडे नव्हतं! माईकने काय घोडं मारलंय तुमचं?”

“रकाना नव्हता दुसरा,” लघुलेखक अगदी रडवेले झाले. “तुम्हीच सांगा, मी काय लिहायला हवं होतं?”

“सोळा वर्षं मी ह्याला हातावर जपलाय. एका दिवसाची तक्रार नाही. असा सोडणार नाही मी.”

खरे सांगायचे तर पकडकाकांना तेव्हा बेटाचे काही पडलेले नव्हते. भाषणे चालू असताना ते फक्त यंत्रावरची सुई बघत, आवाज किती चढतो, किती उतरतो. ते माझ्यासाठी भांडत होते, माझ्या जाळीसाठी आणि त्यांच्या टूथब्रशसाठी. त्यांनी रीतसर अर्ज केला: माईकची तपासणी व्हावी आणि सभेची टेप पुन्हा ऐकावी.

तपासणीला तिघे बसले. भांडारपाल, एक अभियंता, आणि अध्यक्षांचे स्वीय सहायक. मला टेबलावर मधोमध ठेवले होते, आरोपीसारखे. टेप लावली. सिस्टरांचा आवाज आला. बर्फ, साडेतीन दिवस, अकरा जण, पुतणी. भांडारपालांनी चष्मा काढून हातात घेतला. अभियंते म्हणाले, “आवाज तर सुस्पष्ट आहे. श्वाससुद्धा ऐकू येतोय.”

टेप संपली तसे पकडकाका पुढे झाले. मग हळू आवाजात म्हणाले, “मी त्या दिवशी खोलीतच होतो, साहेब. सुई बघत होतो. आवाज ऐकला. बोलणं आज ऐकलं.” आणि पुढे, “ते एक वाक्य घाला ना अहवालात. पहिल्या तारखेला अजून नऊ दिवस आहेत.”

सहायकांनी हातातली फाईल मिटली. “काका, आपल्यासमोरचा विषय माईक आहे. बेट नव्हे.”

निकाल टंकलिखित होऊन आला. ‘माईक निर्दोष व सुस्थितीत आहे. चाचणीसाठी वापरलेला मजकूर सोबत जोडला आहे. यापुढे या माईकची चाचणी घेताना हाच मजकूर प्रमाण मानावा.’ आणि सोबत सिस्टरांचे सगळे बोलणे, शब्दन् शब्द, भांडार विभागाच्या फाईलमध्ये, माझ्या नावाखाली. चर्चेच्या अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ खोडून त्या जागी लिहिले गेले: ‘विराम’.

मी सुटलो होतो. माझ्यावर ‘सुस्थितीत’ अशी चिठ्ठी चिकटवली गेली. मित्रांनो, त्या चिठ्ठीचा मला जितका राग आला तितका आळाचाही आला नव्हता. अकरा माणसांचा प्राण ज्या वाक्यात होता, ते वाक्य यांना माईक तपासण्यापुरते चालले! त्यांना ऐकायचे नव्हते अशातला भाग नाही. तिघांनी ऐकले, नीट ऐकले, ‘सुस्पष्ट’ असा शेरा दिला, आणि योग्य त्या ठिकाणी पोचणार नाही अशा फाईलीत ते जपून ठेवले. न ऐकणाऱ्याला निदान बहिरा तरी म्हणता येते. यांना काय म्हणावे?

पहिल्या तारखेला बेट पलीकडे गेले. लाँच थांबली. शेवटच्या फेरीत सिस्टरांनी त्या अकरा जणांना इकडच्या काठावर आणून सोडले. प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी. “पंधरा दिवसांचे कपडे घ्या,” असे त्यांनी सांगितले होते. स्वतः सिस्टर मागे फिरल्या, कारण दवाखान्यात दुसरे कुणी नव्हते. पलीकडची लाँच तेविसाव्या दिवशी सुरू झाली. तोवर बेटावर पाऊल ठेवायला त्या देशाचा कागद लागू लागला होता. तो कागद पहिल्या तारखेला बेटावर हजर असलेल्यांनाच मिळाला. हे अकरा जण त्या दिवशी बेटावर नव्हते. घर तिकडे, माणसे तिकडे, आणि ही माणसे इकडे, धक्क्याजवळच्या रिकाम्या गोदामात.

हे मला पकडकाकांकडून कळले. ते दर रविवारी तिथे जाऊ लागले होते. गोदामात त्यांनी दिवे लावून दिले, औषधांसाठी एक फ्रीज दुरुस्त करून दिला. शनिवारी माझी जाळी घासता घासता ते सांगत. “पोरगी हुशार आहे रे. सुई स्वतः टोचून घेते, तोंड वाकडं न करता. मला म्हणते, काका, तुमच्याकडे एवढ्या तारा आहेत, आईपर्यंत एक टाका ना.” मग ते बराच वेळ एकाच जागी ब्रश फिरवत राहत.

वर्ष झाले. हस्तांतरणाला एक वर्ष पूर्ण झाले म्हणून सभागृहात आढावा सभा ठेवण्यात आली. तेच अध्यक्ष, तेच प्राध्यापक, त्यांचे तिसरे पुस्तक. करारात काही फेरफार हवे असतील तर याच सभेच्या नोंदींवरून होणार होते. मी सुस्थितीत असल्यामुळे मलाच व्यासपीठावर ठेवले होते.

अध्यक्ष माझ्यासमोर आले. म्हणाले, “संपूर्ण हस्तांतरण सुरळीत पार पडले. मला सांगायला समाधान वाटते की बेटावरील एकाही रहिवाशाची एकही अडचण आपल्या नोंदींत आढळत नाही.”

आणि मित्रांनो, मी ते पोचवले! स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या खुर्चीपर्यंत. त्या क्षणी मी खरखरायला हवे होते. शिट्टी मारायला हवी होती. फुटायला हवे होते. पण मी मुकाट आपले काम केले, इतकी वर्षे करत आलो तसे.

एवढ्यात माझ्यातला जीव गेला. कुणीतरी कळ दाबली होती.

अध्यक्षांनी मला टिचकी मारली. फुंकर मारली. “काय झालं? माईक बिघडला का?”

काचेच्या खोलीचे दार उघडले आणि पकडकाका मधल्या वाटेने चालत आले. सभागृहातली सगळी डोकी वळली. “बिघडला असेल साहेब,” ते म्हणाले. “चाचणी घ्यावी लागेल. दोन मिनिटं बाजूला होता का?”

अध्यक्ष बाजूला झाले. वायरमन माईकची चाचणी घेतो तेव्हा त्याला कुणी टोकन विचारत नाही. पकडकाकांनी मला सुरू केले. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, आणि सगळ्यांना दिसेल असा त्यावरचा शिक्का वर धरला. “ह्या माईकसाठी तुमच्याच कार्यालयाने ठरवून दिलेला मजकूर आहे. तोच वाचतो.”

माझ्यासमोर त्यांनी श्वास घेतला. तोही भ्यालेला होता. आयुष्यभर ते माझ्या मागे उभे राहिले होते, समोर कधी नाही. आणि मग ते वाचू लागले. “साहेब, बेट कुणाचं ते मला विचारू नका. ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले आहात. मी दवाखान्यातलं सांगते. बेटावर अकरा जणांना रोज सुई लागते…”

अध्यक्षांचा हात घंटीकडे गेला. दोन बोटांनी त्यांनी ती उचललीही. पण चाचणी थांबवायची कोणत्या नियमाने, ते त्यांना सुचेना. घंटी तशीच हवेत राहिली. पकडकाकांनी शेवटचे वाक्य वाचले, “नवी लाँच सुरू होईल त्या दिवसापर्यंत जुनी बंद करू नका.” मग कागद खाली घेतला आणि त्यात नसलेले एक वाक्य बोलले, “ते अकरा जण धक्क्याजवळच्या गोदामात आहेत, साहेब. इथून चालत दहा मिनिटं.”

काचेच्या खोलीत लघुलेखकांनी पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. त्यांच्या समोर तोच तक्ता होता, तेच पाच प्रकार. त्यांनी वेळ लिहिली. पुढे लिहिले, ‘भाषण’. वक्त्याच्या रकान्यात लिहिले, ‘सिस्टर’. टोकन क्रमांकाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली, आणि खाली स्वतःची सही केली. भिडस्त माणसाची सही एवढी ठळक मी कधी पाहिली नव्हती.

सगळे चांगले झाले असे मी सांगणार नाही. नोंद झाली, म्हणून ती वरपर्यंत जावी लागली. वरून विचारणा आली. पुन्हा कागद फिरू लागले. अकरापैकी सात जणांना परत जायचा कागद मिळाला. सिस्टरांची पुतणी त्या सातांत नाही. तिचा अर्ज लहान मुलांच्या वेगळ्या टेबलावर आहे, आणि त्या टेबलावरचे साहेब अजून नेमायचे आहेत. ती आता दहा वर्षांची झाली. पकडकाकांना सभागृहातून हलवले. हल्ली माझी जाळी कुणी घासत नाही. मला आवाज थोडा दबका वाटतो. कदाचित म्हातारपणामुळेही असेल.

मित्रांनो, माईकला टिचक्या मारू नका, फुंकू नका, दमट जागी ठेवू नका, हे मी सांगायला हवे. तशी पद्धत आहे. पण तुम्ही ते विसरलात तरी मी रागावणार नाही. माझे एवढेच ऐका. तुमच्यापैकी कुणी उद्या टोकनाच्या टेबलावर बसेल, कुणी हेडफोन लावून तक्ता भरेल, कुणाच्या हाती घंटी येईल. समोर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या कागदावर रकाना सापडला नाही, तर पट्टी घ्या, पेन्सिल घ्या आणि नवा रकाना आखा. त्याला फार तर अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट कुणी दिले नाही, म्हणून एक मुलगी आज धक्क्यावर बसून स्वतःच्या घराचे छप्पर बघते आहे.